स्थलांतरित कामगारांचे आरोग्य : कायद्याने न विचारलेली भाषा

इरुंगाट्टुकोट्टै (चेन्नई) : चेन्नई-बंगळुरू महामार्गालगतच्या येथील सिपकॉट औद्योगिक वसाहतीत १९९८ मध्ये ह्युंदाईच्या मोटारींचे उत्पादन सुरू झाले आणि परिसरात सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. श्रीपेरुंबुदूरपर्यंतच्या या पट्ट्यात ओडिशा, बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल, आसाम येथून आलेले कामगार मोठ्या संख्येने राबतात. तमिळ न येणारा कामगार आजारी पडला, की तो भाषिक अल्पसंख्य ठरतो.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क व ३५०-ख आले. पहिल्यात मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय आहे, दुसऱ्यात विशेष अधिकाऱ्याची नेमणूक. आरोग्याचा उल्लेख कोठेही नाही.

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने कंत्राटदारावर मोफत वैद्यकीय सुविधेची जबाबदारी टाकली. कामगाराची भाषा हिंदी वा इंग्रजी नसल्यास पासबुकातील तपशील त्याच्या भाषेतही द्यावा, असेही त्यात होते. मजुरीचा हिशेब स्वभाषेत मिळण्याचा हक्क मान्य झाला. दुखणे स्वभाषेत सांगण्याचा हक्क मात्र कोणाला सुचला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. स्वतःहून आलेला कामगारही आता व्याख्येत बसतो, ही सुधारणा मोलाची आहे. तथापि स्थलांतरितांविषयीच्या तरतुदी लागू होण्यासाठी कामगारसंख्येची अट पाचवरून दहावर गेली.

कागदोपत्री संरक्षण कमी नाही. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना राज्य विमा योजनेचे छत्र आहे. पण कार्ड खिशात असले तरी ताप कधीपासून आहे, कोणते औषध सोसत नाही, हे सांगावेच लागते. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर अंगठा उठवून घेणे सोपे; ते समजावणे अवघड. यंत्रात हात सापडलेल्या कामगाराचा दुभाषा म्हणून मुकादमच उभा राहिला, तर प्रश्न अधिक गंभीर होतो. इजा कामावर झाली की बाहेर, यावर भरपाई अवलंबून असते आणि ती नोंद ज्याचे हितसंबंध गुंतले आहेत त्याच्या तोंडून होते.

कॅनडाने १९८८ मध्ये बहुसांस्कृतिकता कायदा केला, तरी रुग्णाला दुभाष्याचा थेट हक्क त्यातून मिळाला नाही. अमेरिकेत तो नागरी हक्कांच्या कायद्यातून आला. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याखालील २०१६ च्या नियमांनी, आणीबाणी किंवा रुग्णाची स्वतःची इच्छा वगळता, सोबतच्या माणसावर दुभाषा म्हणून विसंबण्यास रुग्णालयांना मनाई केली.

भारतात रुग्णालये हा राज्यसूचीतील विषय आहे. अपघाताच्या प्रकरणात कंत्राटदाराच्या माणसाने दुभाष्याचे काम करू नये, असा आदेश तमिळनाडू सरकार आपल्या रुग्णालयांसाठी स्वतःच्या अधिकारात काढू शकते. ओडिया, हिंदी, बंगाली जाणणारे मदतनीस नेमण्यासही नव्या कायद्याची गरज नाही.