शेजारच्या घरातले भांडण

शेजारच्या बिऱ्हाडात भांडण जुंपले की आपल्या घरातला रेडिओ आपोआप हळू होतो. भाजी चिरणारी विळी थबकते, आणि "आपल्याला काय करायचंय!" असे म्हणत म्हणत सगळी मंडळी भिंतीच्या बाजूला सरकतात. हा मनुष्यस्वभावच आहे. त्याला सामाईक भिंत लागतेच असे नाही. सिडनीपासून वॉशिंग्टन पंधरा हजारांहून अधिक किलोमीटर दूर. तरी अमेरिकेच्या राजकारणात भांड्याला भांडे लागले की ऑस्ट्रेलियाचे कान टवकारलेच म्हणून समजा.

2024 चीच गोष्ट घ्या. नोव्हेंबरचा पहिला मंगळवार हा मेलबर्नच्या मोठ्या घोडाशर्यतीचा दिवस. त्या दिवशी शहराला चक्क सुट्टी असते. त्या वर्षी नेमके त्याच तारखेला, 5 नोव्हेंबरला, अमेरिकेत अध्यक्षपदाचे मतदान होते. घड्याळातील फरकामुळे अमेरिकेतली मतमोजणीची रात्र म्हणजे ऑस्ट्रेलियातला बुधवारचा भरदिवस. मंगळवारी एक शर्यत, बुधवारी दुसरी! मात्र पहिल्या शर्यतीत फार तर खिशातले पैसे जातात. दुसरीत काय जाईल, हे सांगणे कठीण.

कारण वाचकहो, ही नुसती बघ्याची हौस नव्हे. डिसेंबर 1941 मध्ये जपानी फौजा दक्षिणेकडे सरकत होत्या. तेव्हा पंतप्रधान जॉन कर्टिन यांनी मेलबर्नच्या 'हेरल्ड' पत्रातून उघडपणे सांगितले, की ब्रिटनशी असलेल्या जुन्या नात्याचा संकोच न बाळगता ऑस्ट्रेलिया आता अमेरिकेकडे पाहत आहे. 1951 मध्ये संरक्षणाचा करार झाला. 1966 साली पंतप्रधान हॅरल्ड होल्ट यांनी अध्यक्ष जॉन्सन यांना शेवटपर्यंत साथ देण्याची ग्वाही दिली. व्हिएतनामच्या त्या लढाईतून पाचशेहून अधिक ऑस्ट्रेलियन घरी परतले नाहीत. शेजारच्या घरात कर्ता कोण होतो, यावर आपला मुलगा कुठल्या रणांगणावर जाणार हे ठरत असेल, तर भिंतीला कान लावावाच लागतो.

हसू यावे असेही प्रसंग येतात. 2 एप्रिल 2025 रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी जगभरच्या मालावर जकात जाहीर केली. ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला दहा टक्के आले. त्या यादीत हर्ड आणि मॅक्डोनाल्ड ही ऑस्ट्रेलियाची दोन दूरची बेटेही होती. तिथे माणसाची वस्ती नाही. राहतात ते पेंग्विन आणि सील! पेंग्विन बिचारे अमेरिकेला काय निर्यात करीत असतील ते करोत. पंतप्रधान अल्बानीज मात्र हसले नाहीत. ही मित्राची करणी नव्हे, असे ते स्पष्ट बोलले.

त्याच वर्षी सिडनीच्या लोवी संस्थेने लोकमताची पाहणी केली. अमेरिका जगात जबाबदारीने वागेल असा भरवसा शंभरात अवघ्या 36 जणांना वाटला. आणि अमेरिकेशी असलेली युती आपल्या सुरक्षिततेसाठी महत्त्वाची आहे, असे किती जण म्हणाले? शंभरात ऐंशी! भरवसा उडाला, पण आधार सोडवत नाही. एकत्र कुटुंबातल्या तापट थोरल्या काकांविषयी धाकट्या पातीचे जे मत असते, तेच हे.

आता गंमत अशी, की ज्या भांडणाकडे ऑस्ट्रेलियन नाक मुरडून पाहतो, त्यातला एक मोठा आवाज त्याच्याच घरातून गेलेला आहे. कर्टिन यांचा तो लेख छापणाऱ्या 'हेरल्ड'ची सूत्रे त्या वेळी कीथ मर्डोक यांच्याकडे होती. त्यांचे चिरंजीव रूपर्ट मर्डोक. वडिलांच्या पश्चात अॅडिलेडच्या एका पत्रापासून आरंभ करून ते 1985 साली अमेरिकेचे नागरिक झाले. परदेशी माणसाला तिथे दूरचित्रवाणीची केंद्रे घेता येत नव्हती. 1996 साली त्यांनी 'फॉक्स न्यूज' ही वाहिनी काढली. 2020 च्या अमेरिकन निवडणुकीनंतर मतदानयंत्रांविषयी खोट्या गोष्टी प्रसृत केल्याबद्दल यंत्रे बनविणाऱ्या 'डॉमिनियन' कंपनीने तिच्यावर दावा लावला, आणि 18 एप्रिल 2023 रोजी 'फॉक्स'ने 78 कोटी 75 लाख डॉलर देऊन तो मिटविला.

त्या दाव्याचे पडसाद थेट ऑस्ट्रेलियात उमटले. 'क्रायकी' या छोट्याशा बातमीपत्राने 2022 साली अमेरिकन संसदेवरील हल्ल्याच्या संदर्भात मर्डोक कुटुंबावर बोट ठेवले होते. रूपर्ट यांचे पुत्र लॅकलन यांनी ऑस्ट्रेलियातच अब्रुनुकसानीचा खटला भरला. पण 'डॉमिनियन'चे प्रकरण मिटल्यावर तीनच दिवसांनी तो मागे घेतला! त्याआधी 2020 साली मर्डोक यांच्या वृत्तपत्रांच्या मक्तेदारीची चौकशी व्हावी म्हणून माजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेकडे अर्ज केला. पाच लाखांहून अधिक नागरिकांनी त्यावर सह्या केल्या. अमेरिकेच्या भांडणात ऑस्ट्रेलियनांना आपल्याच घराची चिंता दिसते, ती ही अशी.

पण शेजारी गेलेली दुसरीही एक वस्तू आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. गुप्त मतपत्रिका! 1856 मध्ये व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी सरकारी छापाची मतपत्रिका आणि आडोशाचे मतदान सुरू केले. अमेरिकेत तेव्हा पक्षच आपापल्या चिठ्ठ्या छापून वाटीत. कोणी कुणाला मत दिले हे सहज कळे. 1888 पासून तिथल्या राज्यांनी ही पद्धत उचलली. तिचे नावच पडले 'ऑस्ट्रेलियन मतपत्रिका'.

घरी मात्र ऑस्ट्रेलियाने आणखी एक पाऊल टाकले. 1922 साली संसदेच्या मतदानाला शंभरातले साठ लोकही आले नव्हते. 1924 साली मतदान सक्तीचे झाले आणि पुढच्याच वर्षी आकडा नव्वदांच्या वर गेला. मतदान शनिवारी, न आल्यास वीस डॉलर दंड, आणि केंद्राच्या दारात शाळेच्या निधीसाठी भाजलेले सॉसेज. तिकडे स्थायिक झालेली आपली मुले-सुना नागरिक झाली की त्यांनाही हाच नियम. सगळेच येणार म्हटल्यावर पुढाऱ्याला आपल्या लोकांना चिथावून घराबाहेर काढण्याचे कारण उरत नाही; मधल्या, शांत माणसाला पटवावे लागते. 3 मे 2025 च्या निवडणुकीत पीटर डटन यांची तुलना ट्रम्प यांच्याशी वारंवार झाली. त्यांच्या पराभवाला कारणे अनेक होती. पण ही तुलना त्यांना भोवली, असे पुष्कळांचे मत पडले. मजूर पक्षाला 150 पैकी 94 जागा मिळाल्या, आणि डटन यांची स्वतःची जागाही गेली.

यावरून कोणी निर्धास्त होऊ नये. कायदा माणसाला केंद्रापर्यंत आणतो. त्याने डोक्यात काय घेऊन यावे, हे कायदा ठरवीत नाही. ते रोज सकाळचे वर्तमानपत्र आणि रात्रीचा पडदा ठरवतो. पेटीत पडणारी चिठ्ठी गुप्त असते, पण ती लिहिणाऱ्या मनात शिरणारा आवाज कुठून आला, हे ज्याचे त्यानेच तपासावयाचे असते. त्यासाठी कोणी दंड करीत नाही. म्हणूनच ते काम अधिक कठीण.