कमाई आपली, पासवर्ड कुणाचा?

आपल्या जिल्ह्यातून आखातात जाणाऱ्या मुलांची तयारी मी गेली काही वर्षे पाहते आहे. नगरचे मुकुंदनगर असो, श्रीरामपूर असो की संगमनेर. पासपोर्ट, मेडिकल, व्हिसा, तिकीट, अम्मीने दिलेली लोणच्याची बरणी, सगळे वेळेवर होते. राहते ते बँकेचे काम. ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणून ते मागे पडते आणि तिकडे गेल्यावर ते बघणारा भलताच कुणी असतो. कधी खोलीतला जुना माणूस, कधी कंपनीतला कुणी, कधी गावाकडचे भाईजान, नाहीतर चौकातला नेट कॅफेवाला. कमावणारा एक आणि पासवर्ड दुसऱ्याच्या हातात. समाज म्हणून आपण यावर बोलायला हवे, असे मला वाटते.

विषय किरकोळ नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ या वर्षात परदेशातून भारतात सुमारे ११८.७ अब्ज डॉलर आले आणि त्यात सर्वांत मोठा वाटा, सुमारे २०.५ टक्के, महाराष्ट्राचा होता. त्यातले सगळे काही सॉफ्टवेअर इंजिनिअरांचे नाहीत. वेल्डर, ड्रायव्हर, एसी मेकॅनिक, नर्स यांचाही घाम त्यात आहे. पण हा माणूस तिथे परदेशी असतो आणि इथे कायद्याने अनिवासी. दोन्हीकडच्या बँकांच्या लेखी तो वेगळ्या रांगेतला ग्राहक आहे. त्या रांगेचे नियम त्याला कुणी समजावून सांगत नाही.

सुरुवात नावापासून होते. शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’चे इंग्रजी स्पेलिंग एक, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. वडिलांचे नाव कुठे मध्ये, कुठे शेवटी, कुठे गायब. इथे ओळखीचा क्लार्क ‘चालतंय’ म्हणतो. परदेशातल्या बँकेचे ॲप तसे म्हणत नाही. संयुक्त अरब अमिरातीने तर नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश द्यायचे बंद केले. शिवाय आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण जुन्या कागदांवर अहमदनगरच आहे. म्हणून निघण्याआधी पासपोर्ट, आधार, पॅन आणि बँक या चारही ठिकाणी नाव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळते का, ते तपासा. हे काम गावात राहून महिना-दोन महिन्यांत होते, रियाधमध्ये बसून वर्षभर होत नाही.

तिथले खाते तिथल्या ओळखपत्रावर उघडते. सौदीत इकामा, अमिरातीत एमिरेट्स आयडी. हे कार्ड मिळेपर्यंत धीर धरावा लागतो आणि त्यासाठी लागणारा स्थानिक मोबाइल नंबर स्वतःच्याच नावावर घ्यावा लागतो. दुसऱ्याच्या सिमवर खाते जोडले की त्या दिवसापासून खातेही त्याचेच. सौदीत ‘नफाथ’ आणि अमिरातीत ‘यूएई पास’ या सरकारी ॲपवरून तुमची ओळख पटवली जाते. नफाथमध्ये पडद्यावर आलेला आकडा निवडून मंजुरी द्यायची असते. ‘बँकेतून बोलतोय, आकडा दाबा’ असा फोन हिंदीत आला, उर्दूत आला, अगदी सलाम करून आला, तरी तो चोराचा समजावा. इकाम्याची मुदत संपली की खाते गोठू शकते, म्हणून नूतनीकरणाची तारीख मालकाच्या नव्हे, तुमच्या डोक्यात असली पाहिजे. पगार बँकेतून मिळावा म्हणून अमिरातीने २००९ मध्ये आणि सौदीने २०१३ मध्ये वेतन संरक्षण व्यवस्था आणली. पगार थकला तर खात्याचा उतारा हाच तुमचा साक्षीदार. त्याची प्रत दर महिन्याला उतरवून ठेवा.

आता इकडचे खाते. नोकरीसाठी देश सोडला की ‘फेमा’ कायद्याखाली तुम्ही अनिवासी होता. तुमचे जुने बचत खाते साधे राहू शकत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्यावे लागते. परदेशातली कमाई ठेवण्यासाठी दुसरे खाते असते, एनआरई. एनआरईवरच्या व्याजावर भारतात प्राप्तिकर नाही आणि त्यातली रक्कम पुन्हा परदेशात नेता येते. एनआरओमध्ये घरभाडे, शेतीचे पैसे अशी इथली आवक ठेवतात. त्यावरच्या व्याजातून ३० टक्के दराने, वर अधिभार-उपकर लावून, कर आधीच कापला जातो. आपली बहुतेक मुले गावातल्या जुन्या खात्यावरच वर्षानुवर्षे पैसे पाठवतात. बँकही काही विचारत नाही. मग नोटीस येते, तेव्हा धावपळ. तसेच जमिनीचे. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने मात्र मिळू शकते. म्हणून ती भावाच्या नावाने घेतली जाते. पुढे वाद झालाच, तर पैसे कुणी पाठवले हे दाखवायला नोंद लागते. हवाल्याने पाठवलेल्या पैशाला अशी नोंदच नसते. तो बेकायदा आहे, हे वेगळे.

काही दोस्त म्हणतील, बँक म्हणजे व्याज आले. ज्याला व्याज घ्यायचे नाही, त्याच्या श्रद्धेचा मी आदर करते. त्या रकमेचे काय करायचे, ते त्याने आपल्या विवेकाने ठरवावे. पण व्याजाच्या कारणाने खातेच न उघडणे आणि आयुष्याची कमाई दुसऱ्याच्या खात्यात टाकणे, यात दीन राखला जात नाही आणि दुनियाही राखली जात नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ओटीपीचा. खाते जोडलेले सिम अम्मीच्या कपाटात, अम्मीला मेसेज वाचता येत नाही, शेजारचा मुलगा वाचून दाखवतो. म्हणजे घराची चावी शेजारी. शिवाय प्रीपेड सिम ९० दिवस वापरलेच नाही आणि त्यात शिल्लकही नसली, तर ते बंद होऊन तो नंबर पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. एनआरई किंवा एनआरओ खात्याला परदेशी नंबर जोडायची सोय अनेक बँका देतात. ती निघण्याआधी विचारून घ्यावी. जानेवारी २०२३ मध्ये एनपीसीआयने दहा देशांतल्या मोबाइल नंबरवर या खात्यांसाठी यूपीआयला परवानगी दिली. त्यात सौदी, अमिराती, कतार आणि ओमान होते. कुवेत आणि बहारीन नव्हते. म्हणून ‘सगळ्यांचे चालते, माझेही चालेल’ यावर विसंबू नका.

या सगळ्यात बायको कुठे असते? पैसे अब्बांच्या किंवा भाईजानच्या खात्यात येतात आणि ती मुलांच्या फीसाठी त्यांच्याकडे हात पसरते. नवरा दूर, हिशेब दुसऱ्याकडे, वर ‘खर्चिक आहे’ हा शिक्का. तिचे स्वतःचे खाते, स्वतःचा फोन, स्वतःचा पिन असला पाहिजे. दर महिन्याची रक्कम थेट तिच्या खात्यात गेली, तर घर मोडत नाही. उलट रोजची कुरबूर कमी होते. नॉमिनीविषयी मोठा गैरसमज आहे. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँकेने रक्कम कुणाच्या हाती द्यायची, एवढेच त्यातून ठरते. सर्वोच्च न्यायालयाने हे २०१० च्या निकालात स्पष्ट केले आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. जुन्या खात्यावर लग्नाआधी लिहिलेले नाव आजही तसेच असेल, तर ते आजच बदला.

पैसा कुठे ठेवता, हेही पाहा. आपल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. जास्त टक्के देते म्हणून दहा वर्षांची आखाती कमाई एका पतसंस्थेत टाकणाऱ्याला हा फरक आधी ठाऊक असायला हवा.

आणखी एक धोका इथे राहणाऱ्या मुलांना आहे. ‘तुझे खाते महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो’ असे सांगणारे फिरत आहेत. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. आपल्या वस्तीतल्या मुलाच्या दारात पोलीस आले, की बातमी कशी होते, हे मी सांगायला नको. खाते भाड्याने देऊ नका. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. चूक तुमची वा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान तुमच्यावर येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम सांगतो. ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे.

जबाबदारी फक्त तरुणांची नाही. सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले होते, की काही बँका विशिष्ट वस्त्यांना ‘नकारात्मक’ मानून सेवा देताना हात आखडता घेतात. खात्याचे अर्ज प्रादेशिक भाषेतही असावेत, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. मग मराठी अर्ज मागा. नाही म्हटले तर तक्रार लिहून द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला पैसे लागत नाहीत.

आणि आपण? मशिदीच्या आवारात, शाळेत, मोहल्ल्याच्या ग्रंथालयात महिन्यातून एक रविवार कागद तपासण्यासाठी ठेवता येईल. नावे जुळवणे, नॉमिनी भरणे, बायकांना ॲप शिकवणे, एवढेच करायचे. बँकेत काम करणारी आपली मुले-मुली आता प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना दोन तास मागू. एकच पथ्य पाळायचे: फोन ज्याचा, बोट त्याचेच. मदत करणाऱ्याने पिन विचारायचा नाही आणि सांगितला तरी ऐकायचा नाही.

हक्कांची भाषा आपण खूप बोलतो. आपल्या घामाच्या पैशावर आपला ताबा, हाही त्यातलाच हक्क आहे. पुढच्या महिन्यात ज्याची फ्लाइट आहे, त्याने या आठवड्यात बँकेत जावे. आणि जाताना बायकोलाही सोबत न्यावे.