पेचकस गेला, माप मात्र राहिले

शिरूर आणि दौंडच्या बाजारात ज्यांनी जुनी रेडिओ दुरुस्तीची दुकाने पाहिली आहेत, त्यांना ते दृश्य आठवत असेल. उस्ताद रेडिओची पाठ उघडत, प्लास्टिकचा पेचकस घेत आणि ४५५ किलोहर्ट्झच्या कॉइलमधील गाभा पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवत. कान स्पीकरला लागलेला असे. आवाज भरला की मेण टाकून गाभा बंद. ही विद्या शागीर्दाच्या हातात उतरायला वर्षे लागत. आज त्यातील कित्येक दुकानांत मोबाइलची कव्हरे टांगलेली दिसतात.

म्हणून बिनतारीचे काम संपले का? आमचे मत उलट आहे. शिरूर तालुक्यात रांजणगावची आणि दौंड तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. कारखान्याचे फाटक, क्रेन, गोदाम, सुरक्षारक्षक, सर्वत्र वॉकीटॉकी आणि गाडीतले सेट लागतात. दौंड जंक्शनच्या रेल्वेला स्वतःचा दूरसंचार विभाग आहे, पोलिसांना स्वतःची बिनतारी शाखा आहे. ते काम आपल्याकडे येणार नाही. पण खासगी कारखान्याचा सेट कमजोर झाला की तो पुण्याला जातो किंवा अडगळीत पडतो. हे काम तालुक्याच्या गावी राहू शकते. अट एकच, नवी पद्धत नीट शिकली पाहिजे.

नव्या सेटमध्ये फिरवण्याजोगे ट्रिमर जवळजवळ उरलेले नाहीत. अलाइनमेंटचे आकडे सेटच्या मेमरीत असतात आणि ते संगणकावरून बदलतात. केबल लावायची, टर्मिनलचा पडदा उघडायचा, सेटला चाचणीच्या अवस्थेत न्यायचे आणि हुकूम टाइप करायचे. न्यूझीलंडच्या टेट कंपनीच्या टीएम ८१०० या गाडीतल्या सेटचे उदाहरण घेऊ. टोपीसारखे चिन्ह पाठवले की सेट पुन्हा सुरू होतो. त्यानंतर अर्ध्या सेकंदात टक्क्याचे चिन्ह पाठवले की तो चाचणीसाठी तयार होतो. ३२ म्हणजे ऐकण्याची अवस्था, ३३ म्हणजे प्रक्षेपणाची. ७२ दिला की फ्रिक्वेन्सी तयार करणारी अंगे जागेवर बसली आहेत की नाहीत ते कळते. तिन्ही आकडे १ आले तर ठीक. पूर्वी तासभर शोधावा लागणारा दोष असा मिनिटात सापडतो. प्रत्येक कंपनीचे हुकूम मात्र वेगळे. एकाचा कागद दुसऱ्याच्या सेटला चालत नाही.

येथेच आपल्या तरुणांची फसगत होते. हुकूम पाठ झाले म्हणजे अलाइनमेंट आले, असे त्यांना वाटते. हुकूम केवळ आकडा बदलतो. तो आकडा बरोबर आहे की नाही, हे बाहेरच्या मापयंत्रानेच कळते. १५० मेगाहर्ट्झच्या सेटला दहा लाखांत अडीच भाग एवढीच चूक चालत असेल, तर ती होते ३७५ हर्ट्झ. आपला स्वस्तातला काउंटरच दहा लाखांत दहा भाग चुकत असेल, तर आपण सेटला १५०० हर्ट्झ बाजूला नेऊन बसवू आणि वर मजुरीही घेऊ. साडेबारा किलोहर्ट्झच्या चॅनेलवर आवाजाचे डेव्हिएशन अडीच किलोहर्ट्झच्या आत ठेवायचे असते. ते वाढले तर आवाज शेजारच्या चॅनेलवर सांडतो. खोटा तराजू ठेवणारा दुकानदार आणि न तपासलेले मापयंत्र वापरणारा कारागीर, यांत आम्हाला फरक दिसत नाही.

आमच्या ओळखीच्या एका दुकानात झाले ते सांगतो. मुलाने सेटमधील मूळ आकडे जतन न करताच नवे भरले. अँटेनाच्या जागी डमी लोडही नव्हता. सेट पहिल्यापेक्षा वाईट झाला, परत जायला मूळ आकडे नव्हते आणि गिऱ्हाईक कायमचे तुटले. म्हणून नियम असा असावा: आधी मूळ आकडे जतन करा, मग पन्नास ओहमचा डमी लोड आणि वॉटमीटर जोडा, त्यानंतरच प्रक्षेपणाचा हुकूम द्या. आधीचे माप आणि नंतरचे माप वहीत लिहा आणि त्याची प्रत गिऱ्हाइकाला द्या.

चांगले मापयंत्र नवे घेतले तर लाखांच्या घरात जाते. एका दुकानाला ते पेलणार नाही, हे खरे. पण पाच-सहा दुकानांनी मिळून एक यंत्र का घेऊ नये? ट्रक भागीत घेतो, गोदाम भागीत घेतो, मग यंत्र का नाही? ठरलेले दिवस शिरूरला, ठरलेले दौंडला आणि वर्षातून एकदा ते तपासून आणण्याचा खर्च सर्वांचा.

कायद्याकडेही डोळेझाक नको. १८८५ आणि १९३३ च्या जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा झाला आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी ताकदीच्या सेटना परवाना लागत नाही, पण त्यांनाही उपकरणाची मान्यता हवीच. मान्यता नसलेले वॉकीटॉकी ऑनलाइन विकले जातात म्हणून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्री करणाऱ्या मंचांना नोटिसा काढल्या. तेव्हा सेट हाती घेण्याआधी परवान्याची प्रत मागा. "थोडी पॉवर वाढवून द्या, दुसरी फ्रिक्वेन्सी टाकून द्या," असे म्हणणारा गिऱ्हाईक दुप्पट मजुरी देत असला तरी त्याला नम्रपणे परत पाठवा. ती कमाई दुकान बंद पाडील.

कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांबाबत एक इशारा. ज्वालाग्राही वायूच्या जागी ठिणगी न उडू देणारे खास प्रमाणित सेट वापरतात. असा सेट साध्या दुकानात उघडला की त्याच्या प्रमाणपत्राचा भरवसा राहत नाही. येथे प्रश्न कामगारांच्या जिवाचा आहे. असे काम साफ नाकारावे.

कंपन्यांकडेही आमची मागणी आहे. हुकुमांचे पुस्तक आणि केबल केवळ आपल्या अधिकृत केंद्रापुरती ठेवणे बरे नव्हे. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये समिती नेमली आणि पोर्टलही उघडले. बिनतारी सेटच्या दुरुस्तीची माहितीही प्रशिक्षित कारागिराला रीतसर मिळाली पाहिजे. मात्र ती मागताना आपल्या टेबलावर खरे मापयंत्र आणि हाती नोंदींची वही असली, तरच आपल्या शब्दाला वजन येईल.

उस्तादांचा कान आता पुरेसा नाही. पण त्यांचे इमान अजून लागते. शिरूर-दौंडच्या कारागीर बांधवांनी एकदा एकत्र बसून या भागीच्या यंत्राचा विचार करावा, एवढीच आमची विनंती.