कोणी मेले नाही म्हणून नोंद नाही

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका मालट्रकने एकामागून एक गाड्या उडवल्या. डिझेल वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे तपासात पुढे आले. अनेक गाड्यांचा चेंदामेंदा झाला, माणसे जखमी झाली. जीव मात्र कोणाचाही गेला नाही. त्यानंतर वेगमर्यादा आली, फलक लागले. तरी १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच उतारावर पुन्हा एक कंटेनर सुटला. दोन अवजड वाहनांमध्ये सापडलेली मोटार पेटली आणि आठ जणांचा बळी गेला. पहिल्या वेळी वाचलेल्यांनी दिलेला इशारा पुरेशा गांभीर्याने घेतला गेला नव्हता.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा मासेमारी बंदरात बसून ही पुण्याची बातमी म्हणून वाचून चालणार नाही. हिवाळा म्हणजे ऐन हंगाम. जेटीवर लिलाव आटोपला, बर्फ भरला की मासळीच्या गाड्या हातखंब्याकडे निघतात. पुढे कोणी आंबा घाटाने कोल्हापूर गाठतो, कोणी मुंबई-गोवा महामार्गाला लागतो. माल सकाळच्या बाजाराला पोहोचला नाही तर भाव पडतो, म्हणून चालक झोप मारून गाडी हाणतो. त्याच वेळी घाटात धुके असते, रस्त्यावर दव असते आणि गाडीतून गळणारे मासळीचे पाणी वळणावर सांडत जाते. मागून येणारा दुचाकीस्वार त्यावर घसरला तर त्याची चूक कोणती? समोरून येणाऱ्याने प्रखर दिवा डोळ्यांवर मारला, वळणावर लाल दिवा नसलेला ट्रक उभा होता, यात तरी त्याची चूक कोणती?

१९ जानेवारी २०२३ ला पहाटे माणगावजवळ ट्रक आणि व्हॅनची धडक झाली. गुहागरकडे निघालेले नऊ जण जागीच गेले. त्याची दखल राज्यभर घेतली गेली. पण ज्या धडकेत माणूस काचा झटकत बाहेर येतो, तिची दखल कोण घेतो? नातेवाईक देवाचे आभार मानतात, दोन्ही बाजू रस्त्याकडेलाच मिटवून टाकतात, उरलेले विमा कंपनी बघते.

सरकारी मोजमापही याच वळणाचे आहे. केंद्राच्या व्याख्येप्रमाणे महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली, तरच ते ठिकाण अपघातप्रवण ठरते. थोडक्यात बचावलेले या हिशेबात नाहीतच. म्हणजे धोक्याचे वळण ठरवायला आधी माणसे मरावी किंवा गंभीर जखमी व्हावी लागतात. ही पद्धत आम्हाला मान्य नाही.

वाचलेल्यानेही गप्प बसू नये. अंगावर जखम दिसली नाही तरी दवाखाना गाठावा, पोटातला रक्तस्राव उशिरा कळतो. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोख उपचारांची योजना लागू आहे. मदतीला धावणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या १३४अ कलमाचे संरक्षण आहे. आणि तक्रार लिहून द्यावी, दुसऱ्या चालकाने हात जोडले तरीही; तो उद्या त्याच झोपेत त्याच घाटात असेल.

मत्स्यव्यवसाय विभाग, परिवहन कार्यालय आणि पोलीस यांनी हंगाम संपण्याची वाट पाहू नये. मिरकरवाड्याच्या फाटकावरच प्रत्येक गाडीची गळती, मागचे दिवे आणि परावर्तक पट्ट्या तपासाव्यात. पाणी साठवणारी टाकी नसलेली गाडी बाहेर सोडू नये. लांब पल्ल्याला दुसरा चालक द्यायची जबाबदारी गाडीमालकावर टाकावी. आणि हातखंबा ते आंबा घाट या पट्ट्यात कोणीही न मेलेल्या अपघातांची वेगळी नोंदवही याच आठवड्यात पोलीस ठाण्यांत उघडावी.