निसर्गाचें दालन : न मारणारें विष

जुन्या घरांच्या भिंतींतून कोठें कोठें मेणाची बोटभर नळी बाहेर आलेली दिसते आणि तिच्या तोंडाशीं तिळाहून किंचित् मोठ्या काळ्या माश्यांची ये-जा चाललेली असते. पुष्कळजण त्यांना चिलटें समजतात. वस्तुतः त्या खऱ्या मधमाश्याच होत. आपल्याकडे त्यांना पोयाच्या माश्या म्हणतात. त्यांची नांगी झिजून निरुपयोगी झालेली असते; फारच चिडल्या तर केसांत शिरून चावा घेतात, एवढाच त्यांचा पराक्रम. मेण व झाडांची राळ कालवून केलेल्या चिमुकल्या कुप्यांत त्या आपला आंबटगोड मध सांठवितात. तो निघतो थोडा; परंतु औषधी म्हणून त्याला मान मोठा, आणि केरळांत याच माश्या मडक्यांत व बांबूच्या नळकांड्यांत हौसेनें पाळल्या जातात.

या वंशाच्या ५०० हून अधिक जाती उष्ण कटिबंधांत पसरल्या असून त्यांचें मोठें माहेरघर म्हणजे ब्राझील देश. तेथील ‘मांदासाया’ नांवाच्या जातीवर विसोझा विद्यापीठांतील संशोधकांनीं केलेले प्रयोग २०१२ सालीं प्रसिद्ध झाले. इमिडाक्लोप्रिड हें कीटकनाशक त्यांनीं अळ्यांच्या अन्नांत मोजून मिसळलें. आपल्याकडील जुने बागाईतदार माव्यावर तंबाखूचा काढा शिंपडीत असत. तंबाखूंतील निकोटिन कीटकाच्या मज्जातंतूंवर जेथें आघात करतें, तेथेंच हें नवें औषध करतें. मात्र हें झाडाच्या रसांत भिनून फुलांतील पराग व मधुरस यांपर्यंत पोहोंचतें.

मात्रा अधिक झाली तेथें अळ्या मेल्या, यांत नवल नाहीं. परंतु ज्यांना मरण येणार नाहीं इतकी अल्प मात्रा दिली होती, त्यांची कथा निराळी. त्या वाढल्या, कोशांतून बाहेर पडल्या. पण त्यांच्या मेंदूंतील अळंबीच्या आकाराचा जो भाग गंध ओळखण्याचें व स्मरण ठेवण्याचें काम करतो, त्याची वाढ खुंटली होती, आणि त्यांचें चालणेंहि मंदावलें होतें. फूल ओळखणें, वाट लक्षांत ठेवणें आणि घरीं परतणें यांवर जिचा सारा संसार, त्या माशीची स्मृतीच अधू झाली, तर ती जिवंत राहून वसाहतीला काय उपयोगी पडणार?

येथें वाचकांच्या मनांत शंका येईल कीं, औषधें बाजारांत येण्यापूर्वीं त्यांची परीक्षा होत नाहीं काय? होते. परंतु ती मुख्यतः युरोपीय मधमाशीवर, आणि किती मात्रेनें निम्म्या माश्या मरतात हा तिचा पहिला प्रश्न असतो. युरोपीय मधमाशीच्या अळीला दाया आपल्या ग्रंथींतून स्रवलेला रस थोडा थोडा भरवितात, म्हणजे विष पुष्कळसें दायांच्याच देहांत अडतें. पोयाच्या कुळाची रीत वेगळी. कोठडींत पराग, मध व ग्रंथिरस यांचें सारें अन्न एकदम भरावयाचें, राणीनें वर अंडें घालावयाचें, कीं लगेच तोंड बंद! आंतील अळीनें मोठी होईपर्यंत तेंच संपवावयाचें. त्यांत जें मिसळलें असेल तें तिला चुकत नाहीं. शिवाय या माश्या राळ व चिखलहि गोळा करतात, तेव्हां तीहि एक वाट उघडीच.

वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, हा समज आपल्याकडे फार दृढ आहे. याच मांदासायावरील २०१५ सालच्या प्रयोगांत कडुनिंबांतील अझाडिरॅक्टिन अन्नांतून दिलेल्या अळ्यांपासून व्यंग असलेले कोश व माश्या निपजल्या. कडुनिंबाचें सत्त्व उन्हांत लवकर विरतें, हा त्याचा गुण मान्य केलाच पाहिजे; म्हणून तें वापरूं नये असें आमचें म्हणणें नाहीं, तें सायंकाळीं, माश्या घरीं परतल्यावर वापरावें, इतकेंच.

युरोपीय संघानें २०१८ सालीं इमिडाक्लोप्रिडचा उघड्या शेतांतील वापर बंद केला. आपल्याकडे तें कापूस, भात इत्यादि पिकांवर चालतेंच, शिवाय घरांत वाळवीवरहि त्याचा उपयोग होतो. पोयाची माशी चरावयास फार दूर जात नाहीं. बहुधा कांहींशें हातांच्या परिसरांतच तिचा व्यवहार, म्हणजे आपल्या परसांतील तुळस, नारळ व काकडीचा वेल हेंच तिचें कुरण. कुंडींतल्या जास्वंदीवर आपण काय फवारतों, हें तिच्या दृष्टीनें लहान नव्हे. आणि वाळवीसाठीं भिंतींत छिद्रें पाडून औषध भरण्यास माणसें येतील, तेव्हां त्यांच्या आधीं घरांतील मुलांना एकदा भिंतीभोंवतीं फिरवावें. मेणाची नळी त्यांच्या नजरेला चटकन् सांपडते. आणि जाणता मनुष्य असल्यास राणीसह ती वसाहत मडक्यांत हलवितां येते.