मासे मोजता येतील; ओळखणार कोण?

बुटीबोरी : वेणा नदीच्या खोऱ्यातील नांद व वडगाव हे जलाशय असोत की विदर्भातील इतर धरणे, त्यांच्या पोटात किती आणि कोणती मासळी आहे, हे आजवर जाळे ओढल्यावरच कळत आले आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. शेतीच्या धर्तीवर कर्ज, वीज व विम्याच्या सवलतींचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. मात्र शेताचा पंचनामा बांधावर उभे राहून होतो. पाण्याखालच्या पिकाचा कसा करायचा? अशा वेळी सोनारकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे.

सोनार म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारे यंत्र. (आपल्या सराफ्यातील सोनाराशी त्याचे नाते नाही, पारख मात्र दोघांनाही करावी लागते.) वाताशय असलेल्या माशाकडून परतणारा बहुतांश प्रतिध्वनी त्याच्या मांसातून नव्हे, तर पोटातील हवेच्या या पिशवीतून येतो. त्यामुळे संख्येचा आणि लांबीचा अंदाज बांधता येतो. रंग, खवले, तोंडाची ठेवण दिसत नाही. कटला, रोहू आणि मृगळ हे तिन्ही मासे कार्प कुळातले, तिघांचेही वाताशय दोन कप्प्यांचे. सारख्या लांबीचे रोहू आणि मृगळ पडद्यावर वेगळे काढणे म्हणूनच कठीण. सापासारख्या देहाची वाम तेवढी आपल्या चालीवरून ओळखू यावी.

अमेरिकेत १९९० च्या दशकाअखेर विकसित झालेले ध्वनिकॅमेरे गढूळ पाण्यातही माशाची आकृती दाखवतात, पण थोड्याच अंतरापर्यंत. अलास्कातील केनाई नदीत सामन माशांची गणती सोनारने होते. तेथेही कोणत्या जातीचे किती, हे ठरवण्यासाठी जाळ्यातील नमुन्यांचा आधार घ्यावा लागतो. केनाईसह काही नद्यांतील सोनार चित्रफितींचा मोठा संच संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात संगणकाला दिलेले काम मासा शोधणे, त्याचा माग ठेवणे आणि मोजणे एवढेच होते. त्याचे नाव सांगणे नव्हे.

आपल्या जलाशयांत अडचण आणखी एक आहे. नावेखालून सरळ तळाकडे सोडलेल्या ध्वनीला अगदी पृष्ठभागालगतचे आणि अगदी तळालगतचे पाणी नीट दिसत नाही. कटला वरच्या थरात चरतो, मृगळ तळाशी. म्हणजे यंत्राच्या हिशेबातून हेच दोघे निसटण्याची शक्यता अधिक. त्यात बुडालेल्या झाडांची खोडे खोटे प्रतिध्वनी देतात, ते वेगळेच.

जातीचा हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. जलाशय ठेक्याने घेणारी मच्छीमार सहकारी संस्था बोटुकली सोडते ती जातवार. बाजारात भावही जातवार मिळतो. तिलापिया वाढून कार्प घटले, तरी सोनारच्या आकड्यात ‘मासळी भरपूर’ असेच दिसेल, आणि त्या आकड्यावर ठेक्याची रक्कम ठरली तर भुर्दंड ढिवर कुटुंबांना पडेल. शिवडा कुठल्या डोहात आणि मरळ कुठल्या गवतात, हे जाणणारी माणसे त्याच कुटुंबांत आहेत.

मत्स्यविज्ञान महाविद्यालय नागपुरातच आहे. वडगावसारख्या एखाद्या जलाशयात वर्षभर सोनार आणि जाळे एकाच रात्री चालवून, पडद्यावरची नोंद हाती आलेल्या मासळीशी ताडून पाहता येईल. तोवर यंत्राच्या आकड्यावर ठेक्याची बोली लावू नये.