दिव्यामागचा अंधार

मंडळी, आज जरा रागावून लिहितोय. ज्याच्यावर रागावलोय तो माझा सख्खा भाचा आहे आणि तो हे वाचणार आहे. त्यानं वाचावं म्हणूनच लिहितोय.

गेल्या उसाच्या हंगामातली गोष्ट. नांदेडला लग्न होतं. ते आटोपून रात्री पूर्णेवरून ताडकळसला परत येत होतो. गाडी भाच्याची, चालवतही तोच होता. शेजारी मी. मागच्या सीटवर अक्का, म्हणजे त्याची आई, आणि अक्काच्या मांडीवर त्याची पोरगी झोपलेली. पूर्णा मागे पडली आणि पठ्ठ्यानं एक बटण दाबलं. समोरच्या काचेआड डॅशबोर्डवर चिकटवलेला लाल-निळा दिवा लुकलुकायला लागला.

"हे काय रे?" म्हटलं.

"मामा, ह्यानं समोरचा बाजूला होतो. रस्ता मोकळा मिळतो."

समोरच्याचं मला माहीत नाही. पण आमची काच मात्र भरून गेली. काचेत लाल ठिपका, निळा ठिपका, गणपतीच्या मूर्तीभोवतीची हिरवी माळ, आणि डॅशबोर्डवर अंथरलेला पांढरा टॉवेल दर लुकलुकीला उजळून निघालेला. मला वाटलं समोरून ट्रॅक्टर येतोय, म्हणून मी "अरे, ट्रॅक्टर!" म्हणून ओरडलो. समोर काहीच नव्हतं, तो आमच्याच दिव्याचा भास होता. पुढं पाच-सात मिनिटांनी खरी उसाची ट्रॉली आली. मागे लाल दिवा नाही, रेडियम नाही, नुसते वाढ्यांचे शेंडे रस्त्यावर लोंबतायत. ती मात्र दोघांनाही दिसली नाही! दिसली तेव्हा इतकी जवळ आली होती की त्यानं करकचून ब्रेक दाबला, पोरगी खाली पडली आणि अक्काचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

नसलेलं दिसलं आणि असलेलं दिसलं नाही. देव बलवत्तर म्हणून निभावलं. पण देवावर किती भार टाकायचा?

थोडा दम घेऊन म्हटलं, "तो दिवा काढ."

"मामा, तुम्ही उगंच घाबरायलाव. चूक ट्रॉलीवाल्याची हाय."

ट्रॉलीवाल्याची चूक आहेच, ती मी नाकारत नाही. पण ट्रॉलीवाल्याला दिवा नाही म्हणून आपण स्वतःचे डोळे बांधून घ्यायचे का? आता मास्तरकी करतो, सवय जात नाही :)

काच आरपार दिसते म्हणून ती उजेड परतवत नाही असं नाही. सरळ पडलेल्या उजेडापैकी काचेचा एक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के उजेड परत पाठवतो, दोन्ही मिळून 8 टक्क्यांच्या आसपास. गाडीची काच तिरपी असते, तिथं हे प्रमाण आणखी वाढतं. दिवसा बाहेर लख्ख ऊन असतं, त्यापुढं हा परतलेला उजेड कोणाच्या खिजगणतीत नसतो. रात्री बाहेर काळोख असला की तोच वरचढ होतो. रेल्वेच्या डब्यात रात्री खिडकीतून बाहेर बघा. शेत दिसत नाही, आपलाच चेहरा दिसतो. 1862 साली लंडनमध्ये पेपर नावाच्या गृहस्थानं एवढ्याच गोष्टीवर रंगमंचावर भूत उभं करून दाखवलं होतं. तिरपी काच, एका बाजूला अंधार, आणि लपवलेल्या जागी उजेडात उभा नट. आमच्या भाच्यानं तोच खेळ गाडीत मांडलाय, फक्त इथं प्रेक्षकाच्या हातात स्टिअरिंग आहे.

त्यात डोळ्याची गत वेगळीच. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि सराव मोडायला एक झळाळी पुरते. लुकलुकणारा दिवा तर डोळ्याला सरावूच देत नाही. ताशी 60 च्या वेगानं गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते. म्हणजे अर्धा सेकंद डोळे दिपले तर आठ मीटर आंधळेपणानं गेलो. उसाची ट्रॉली, बैलगाडी, खांद्यावर घोंगडं घेऊन रानात पाणी धरायला निघालेला माणूस, हे सगळं त्या आठ मीटरांत मावतं.

जुन्या एसटी ड्रायव्हरांना हे शिकवावं लागलं नव्हतं. कंडक्टर तिकिटं फाडेपर्यंत आतला दिवा चालायचा, मग पुढून आवाज यायचा, "लाईट घालवा!" कुणी पेपर वाचत असला तरी दिवा जायचा. ड्रायव्हरच्या पाठीमागं आडोसा असायचा तो काही शोभेला नव्हता.

आता कायद्याचं बोलू, कारण भाच्याचा दुसरा मुद्दा तो होता. "बाहेर लावलेला चालत नाही मामा, आतला चालतो." लाल दिव्याचा मान आपल्याकडे फार मोठा होता. डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला आवर घातला, आणि 1 मे 2017 पासून केंद्र सरकारनं मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे दिवेच काढायला लावले. 2020 मध्ये लाल-निळ्या-पांढऱ्या दिव्याची मुभा पोलीस, अग्निशमन, सैन्य, आपत्ती निवारण अशा कामावरच्या गाड्यांपुरती ठरवून दिली. टपावरचा दिवा गेला, आणि मंडळींनी तोच दिवा काचेच्या आत आणला. मंत्र्यांनी सोडलेला मान आता कुणाचा तरी पुतण्या, कुणाचा तरी कार्यकर्ता मिरवतोय. केंद्रीय मोटार वाहन नियमातला 108 वा नियम सांगतो की गाडीच्या पुढच्या बाजूला लाल उजेड दाखवायचा नाही. वाहनाच्या आतल्या प्रकाशाला त्यात सूट आहे, हे खरं. पण ती बसणाऱ्याला चप्पल सापडावी, पैसे मोजता यावेत म्हणून. बाहेर तोंड करून लुकलुकणाऱ्या दिव्याला 'आतला प्रकाश' म्हणणं म्हणजे ओट्यावर उभं राहून "मी घरातच आहे" म्हणण्यासारखं आहे. शाळेत अशी उत्तरं देणारी पोरं माझ्याकडे पुष्कळ होती. मार्क कधी दिले नाहीत.

आणि समजा कायद्यानं चाललंही. काच कायदा वाचत नाही. ती मंत्र्याच्या ड्रायव्हरलाही तेवढंच दिपवते.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्यांना कामासाठी असा दिवा लागतो, त्यांनी तो शक्यतो टपावर लावावा, काचेच्या बाहेर. आपल्याकडच्या 108 च्या रुग्णवाहिका पाहा, दिवा वर असतो. परदेशात साध्या वेशातल्या पोलिसांच्या गाड्यांत दिवा आतून लावतात, पण त्याच्याभोवती रबरी घेर असतो आणि तो काचेला घट्ट टेकवलेला असतो. मधे फट नाही, त्यामुळे उजेड बाहेर जातो, आत परतत नाही. ती फटच सगळा घोळ करते. तेव्हा खाजगी रुग्णवाहिका चालवणाऱ्यांनी आत दिवा लावलाच असेल तर काळ्या फोमची किंवा रबराची पट्टी चहूबाजूंनी लावून तो काचेला भिडवावा. डॅशबोर्डवर पांढरा टॉवेल, चकचकीत प्लॅस्टिकची फुलं नकोत, काळं, न चमकणारं कापड घालावं. मागच्या भागातला दिवा चालू ठेवावा लागत असेल तर मधे पडदा सोडावा. आणि काच आतूनही पुसावी. गाडीत अगरबत्ती लावता, विडी ओढता, त्याचा थर आतल्या बाजूला बसतो आणि प्रत्येक दिवा त्यावर पसरतो. ओला कागद फिरवून कोरड्या जुन्या वर्तमानपत्रानं पुसली की झालं, पाच मिनिटांचं काम.

बाकीच्यांनी काय करायचं? बाकीच्यांनी तो दिवा काढून टाकायचा. त्याला आडोसा करण्याचा उपाय मी भाच्याला सांगणार नाही. त्याचा दिवा कुणाचा जीव वाचवायला धावत नाही. तो "मी कोण आहे माहीत आहे का" एवढंच विचारतो. गणपतीची माळ दिवसा लावा, माझी ना नाही. रात्री तीही बंद करा. बाप्पाला अंधारात दिसतं, आपल्याला दिसत नाही.

काही जण म्हणतील, मास्तर, रस्त्यावर खड्डे आहेत, समोरच्याचे अप्पर डोळ्यात घुसतात, आणि तुम्ही एवढ्याशा दिव्याचं घेऊन बसलात. बरोबर आहे. खड्डा मला बुजवता येत नाही, समोरच्याचा अप्पर मला खाली करता येत नाही. पण आपल्या गाडीतलं बटण आपल्या बोटाखाली आहे. जे आपल्या हातात आहे तेही करायचं नाही आणि सरकारच्या नावानं बोंब मारायची, हे मला पटत नाही.

अक्काच्या कपाळावरचं टेंगूळ आठ दिवसांत उतरलं. तिनं कुणालाच बोल लावला नाही, आईच ती. पोरगी मात्र अजून त्या गाडीत पुढं तोंड करून बसत नाही.

बाळा, संक्रांतीपासून आपण बोललो नाही. तू घरी ये. पाना-पेचकस मी काढून ठेवलाय, दिवा आपण दोघं मिळून काढू. मग अंधारात गाडी पूर्णेपर्यंत नेऊन आणू, मी शेजारी बसतो. रस्ता किती लांबवर दिसतो ते तूच सांग.

असो. तूर्तास एवढंच.